मरियाबाईचा पडदा

पडद्याच्या खालच्या काठातून पट्टी कापताना ग्लोरियाने आईकडे मुद्दामच पाहिलं नाही. नव्याकोऱ्या पडद्यात कात्री घालायची म्हणजे आईच्या काळजातच घालायची, हे तिला ठाऊक होतं. कात्री चालली तसं कापड करकरलं. जरा जास्तच करकरलं. पण हॉलच्या ओसरीवर जमलेली सगळी पंचकमिटी तिच्या हातांकडे टक लावून पाहत होती, तेव्हा त्या आवाजाचा विचार करायला तिला सवड झाली नाही.

तिने पट्टी लोखंडी चौकटीत उभी अडकवली. ही चौकट तिने सुप्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणली होती. शेजारच्या प्रवाशाने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा ती खरं तेच बोलली, की यात कापड टांगून जाळतात. त्यानंतर राहुरी येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

"कंपनीचा दाखला आहे साहेब," प्रभुदास गुरुजी म्हणाले. ते कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, आणि दाखला असला तरी आपला विश्वास नाही हे आवाजातून कळवण्यात तरबेज.

"दाखले सगळ्यांकडंच असतात, गुरुजी," अग्निशमनचे कल्याण औटी खुर्चीतूनच म्हणाले. "एका लग्नाच्या हॉलात दाखला एका कापडाचा न् पडदा भलत्याच कापडाचा निघाला होता. मला टांगायच्या पडद्याचीच पट्टी जळताना बघायचीय."

"बरोबर आहे साहेब," ग्लोरिया म्हणाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असंच तिला वाटत होतं.

देवळाली प्रवरेच्या शिवारातल्या त्या वस्तीवर चर्चला लागून हा हॉल होता, आणि हॉलात एक उघडा बोडका रंगमंच. काही वर्षांपूर्वी नाताळच्या नाटिकेत एका मेंढपाळाच्या हातातली मेणबत्ती पडद्याला लागली आणि बघता बघता पडदा वरपर्यंत पेटला. पोरं मागच्या दाराने बाहेर आली, माणसांनी बादल्या ओतल्या, कुणाला चटकादेखील बसला नाही. पण एवढी मोठी गोष्ट घडली म्हटल्यावर तिला नाव तर पाहिजेच. मेणबत्ती ज्याच्या हातात होती त्याचं नाव कुणी घेतलं नाही. खऱ्याच मेणबत्त्या हव्यात असा हट्ट धरणाऱ्यांचं तर नाहीच नाही. पडदा शिवला होता ग्लोरियाच्या आईने, आणि नाव पडलं, मरियाबाईचा पडदा. प्रभुदास गुरुजी त्या संध्याकाळी एकदाच तसं म्हणाले. गुरुजींचा शब्द म्हणजे फळ्यावरचा शब्द, तो सगळ्यांनी उतरवून घेतला.

तेव्हापासून वस्तीवर लग्नं, बारशी, विहिरी, सगळं काही "मरियाबाईचा पडदा पेटला त्या साली" असं मोजलं जाई. कुणाच्या मनात वाईट नसे. पण मरियाबाईंनी त्यानंतर ब्लाउज शिवले, झबली शिवली, गोधड्या शिवल्या. पडदा शिवला नाही. आणि दुधाने तोंड पोळलेली कमिटी नाटिकाच नको म्हणू लागली.

ग्लोरिया सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागली ती याच रागातून. तिची कंपनी सिनेमागृहातल्या खुर्च्या, हॉटेलातले सोफे आणि दवाखान्यातले पडदे यांच्यासाठी आगीला दाद न देणारं कापड करते. ते खरंच दाद देत नाही ना, हे दिवसभर जाळून जाळून बघायचं, हे तिचं काम. मालक भागवतशेठ गमतीने म्हणत, "सगळ्या जिल्ह्यात जाळपोळीचा पगार घेणारी तू एकटीच." त्यांच्याकडून तिने एक निळा तागा मिळवला. त्याहून अवघड काम म्हणजे आईला शिवायला बसवणं, तेही तिने केलं. आज ही पट्टी विझली, तर ते नाव पुसलं जाणार होतं. पेटली, तर आईच्या मरणानंतरही राहणार होतं.

"ज्योत पट्टीखाली धरायची," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "थोड्या वेळानं काढून घ्यायची. ज्योत काढली की पट्टी आपणहून विझली पाहिजे. काळा डाग खालीच राहिला पाहिजे, वर चढता कामा नये. जळका तुकडा खाली पडता कामा नये."

तिने बर्नर पट्टीखाली सरकवला, मनात आकडे मोजले आणि बाजूला घेतला.

पट्टी विझली नाही. पिवळी ज्योत कापडाच्या अंगावरून सरसरत वर गेली, चौकटीच्या वरच्या चिमट्यापर्यंत पोचली आणि तिथे जरा वेळ नाचून मग मेली.

प्रभुदास गुरुजींनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्यांनी बोलायचं ते बोलून झालं. ग्लोरियाचे कान तापले. हे कापड तिने स्वतः शंभरदा जाळलं होतं, दहा-दहा धुण्यांनंतर जाळलं होतं, आणि ते असं कधीच वागलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या नाकाशी धूर आला. तिच्या कापडाचा वास उग्र असतो, घशात बसणारा. हा वास तसा नव्हता. हा भाताचा होता, पातेल्याच्या बुडाला करपलेल्या भाताचा.

तिला सगळं उमगलं. आईने पडद्याला खळ दिली होती. तांदळाची, दाट, गाळून घेतलेली, तिच्या हातची. करकर आवाज त्याचाच होता, आणि वेड्यासारखं आपण समजलो की आग रोखणारा मसाला दिलेलं कापड नवंपणी थोडं ताठ असतंच. कापड अजूनही पेटत नव्हतं, पेटत होता तो त्याच्यावरचा भात. दोन वाक्यांत हे सांगता आलं असतं. पण ती दोन वाक्यं म्हणजे सगळ्या वस्तीसमोर दुसऱ्यांदा आईचं नाव घेणं. ग्लोरियाने बर्नर बंद केला.

"माझी चूक झाली, साहेब," ती म्हणाली. "मला अजून एकदा संधी द्या."

"चूक कसली?" औटींनी विचारलं.

"पट्टी नीट निवडली नाही मी."

औटींनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना ते पटलेलं नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

"ही खोटं बोलतीय."

मरियाबाई पुढे आल्या. साठीला टेकलेल्या, उंचीने हातभर कमी, पण चालत आल्या की माणसं वाट देत.

"तुजं तोंड मला कळत न्हाई व्हय गं? तू वास घेतला न् गप बसली. काय हुतं त्या वासात?"

"आई, घरी बोलू."

"घरी कशाला? घरात पडदा लावायचाय का?"

ग्लोरियाने मान खाली घातली. "खळ," ती हळूच म्हणाली.

"मंग? दिली की खळ. मी दिली." मरियाबाईंच्या आवाजात शरम औषधालाही नव्हती. "नाताळचा पडदा काय बिनखळीचा लावायचा, लुगड्याच्या धडप्यासारखा? निळ्या कापडावर एक पांढरा डाग दिसला का कुनाला? दिसू दिला न्हाई मी. कापड झटकलं की वाजलं पायजे. माज्या सासूनं शिकवलंय."

"खळ म्हणजे तांदूळच ना आई. तांदूळ पेटतो. आतलं कापड चांगलंय, वरून त्याला पेटायचा अंगरखा घातला आपण."

मरियाबाई पट्टीकडे बघत राहिल्या. मग त्या जे बोलल्या, ते बोलायला बरीच वर्षं लागली असावीत.

"त्या पडद्यालाबी खळ हुती."

"तो साधा सुती होता," ग्लोरिया म्हणाली. "खळ नसती तरी पेटला असता. कुणीही शिवला असता तरी पेटला असता. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, रोज जाळते म्हणून सांगते."

औटींनी घसा खाकरला. "म्हणजे कडक खळीचे कपडेबी लवकर पेटतात, असंच ना मॅडम?"

"थोडं लवकर, हो."

रविवारचे पांढरेशुभ्र, परीटघडीचे, कडक सदरे घालून आलेली पंचकमिटी बर्नरपासून एकेक पाऊल मागे सरकली. बर्नर बंद होता, तरी सरकली. प्रभुदास गुरुजी दोन पावलं सरकले. पहिल्यांदा हसले ते औटी, आणि मग बायकांना कुणी आवरू शकलं नाही.

"मी राहुरीला जाऊन येतो," औटी उठत म्हणाले. "परत जाताना उजेड असला तर थांबेन. तोवर धुवून वाळवा. दुसरी पट्टी पेटली तर मात्र यंदाचा नाताळ सोडा, मला मार्चनंतर भेटा."

मोटार गेली आणि ओसरीवर एकच गलका झाला. प्रत्येकीला धुण्यातलं कळत होतं आणि प्रत्येकीला आपल्या पद्धतीने धुवायचं होतं. कुणी साबण आणायला निघाली, तिला ग्लोरियाने हाताला धरून थांबवलं.

"साबण नको. आपल्या बोअरच्या पाण्यात साबणाचा थर कापडावर बसतो, तोही पेटतो. पाटाचं पाणी पाहिजे, गरम पाहिजे आणि भरपूर पाहिजे. पडदा त्यात बुडाला पाहिजे."

"एवढं पातेलं कुनाकडं हाय?" एकीने विचारलं.

"माज्याकडं," मुक्ताबाई म्हणाल्या. त्या शेजारच्या मळ्यातल्या, चर्चच्या नव्हेत, गंमत बघायला म्हणून आलेल्या. त्यांचं गुऱ्हाळ पाटाच्या कडेलाच होतं. "काहिलीत टाकू. आजचं आधन उतरवलं की मोकळी हाय."

अशा रीतीने आगीपासून वाचवणारा तो पडदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गुऱ्हाळावर गेला. मुक्ताबाईंनी गूळ उतरवला, काहील राखेने घासली, पाण्याने धुतली आणि परत घासली. ग्लोरिया वाकून बोट फिरवून बघत होती.

"गुळाचा एक कण राहिला तर तोसुद्धा पेटेल, मावशी."

"बाई गं, माज्या सुनेनं कधी एवढं वाकून बगितलं न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा घासायला बसल्या.

पाटाचं पाणी भरलं, चुलवाणात चिपाड सारलं. निळा पडदा काहिलीत उतरला तसं पाणी दुधाळ झालं, आणि मरियाबाईंची सगळी मेहनत त्यात विरघळून गेली. त्या काठाला बसून ते बघत होत्या. ग्लोरियाला वाटलं, आई आता रडेल. पण आईने गूळ ढवळायचा लाकडी हाताटा उचलला आणि पडदा ढवळायला लागली.

"असं न्हाई गं, कोपऱ्यात खळ बसती," ती दुसऱ्या बायकांवर ओरडली. "शिवनीत बोट घाला. मी दिलीय, मला ठाव कुटं कुटं हाय."

पाणी दोनदा बदललं. पिळायला दोन्ही टोकांना सहा-सहा जणी लागल्या. मग दोन ट्रॉल्यांच्या मध्ये दोर ताणून पडदा डिसेंबरच्या उन्हात टाकला. कमिटीतली माणसं लांबून बघत होती. नंतर कुणी न बोलावता प्रभुदास गुरुजी आले, सदऱ्याच्या बाह्या सावरल्या आणि वाऱ्याने पडदा मातीला टेकू नये म्हणून त्याचं एक टोक हातात धरून उभे राहिले. ऊन उतरेपर्यंत उभे राहिले.

औटी आले तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता. ग्लोरियाने पडद्याचा काठ नाकाशी धरला, नवी पट्टी कापली, चौकटीत लावली. कात्री चालताना या वेळी करकर झाली नाही. तिने ज्योत धरली, आकडे मोजले, काढली.

पट्टीवरची ज्योत जागच्या जागी विझली. खालच्या टोकाला काळा डाग पडला, बोटभर, आणि तिथेच राहिला. उग्र, घशात बसणारा वास आला आणि ग्लोरियाला तो अत्तरासारखा वाटला.

"परत," औटी म्हणाले.

दुसरी पट्टी विझली. तिसरी त्यांनी स्वतः पडद्याच्या मधल्या शिवणीजवळ निवडली, तीही विझली. मग त्यांनी बोटाने काळा डाग चोळून बघितला, मान हलवली आणि प्रभुदास गुरुजींना म्हणाले, "करा तुमची नाटिका. पण मेणबत्त्या बॅटरीच्या." गुरुजींनी "हो" म्हटलं, आणि ते इतक्या चटकन म्हटलं की बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुक्ताबाईंनी ताज्या गुळाचे खडे वाटले. औटींनी दोन घेतले.

त्या संध्याकाळी घरी मरियाबाईंनी भाकरी थापल्या, जेवायला वाढलं. जिंकलो असं ग्लोरियाला वाटत होतं, आईच्या तोंडावर ते दिसत नव्हतं.

"आता काय झालं?"

"काय न्हाई. लोंबतोय मेल्यावानी," आई म्हणाली. "पास झाला, बरं झालं. पन लोंबतोय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळला नव्हता.

जरा वेळाने आईनेच विचारलं, "तुमी कापडाला कसलं तरी औषध लावता ना? तेच खळीत घालता येत न्हाई का?"

ग्लोरिया भाकरी मोडता मोडता थांबली. मग हसली, मग परत थांबली. सुप्याला गेल्यावर तिने भागवतशेठना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, आणि मग त्यांनीच तांदूळ आणायला माणूस पाठवला. कुणाच्या घरी पडद्याला खळ पडणार नाही याची खात्री कोण देणार, असं ते म्हणाले. पुढचा सबंध आठवडा प्रयोगशाळेत भात शिजत होता. पहिल्या खळी पेटल्या. एक विझली, पण कापड पांढरं पडलं. अखेर एक अशी जमली की कापड ताठ, निळं ते निळं, आणि ज्योत काढली की गप्प.

नाताळच्या आदल्या आठवड्यात तिने मिठासारखी पांढरी पूड एका डब्यात आणून आईपुढे ठेवली.

"हे तर उसाला टाकायच्या खतावानी दिसतंय," आई म्हणाली.

"त्याचंच सोवळं भावंड. पण शेतातलं घालायचं नाही हं, त्यात काय काय असतं. आणि दर धुण्यानंतर हीच खळ द्यायची, साधी नाही. आजन्म."

"खळ दर धुन्याला देतातच गं. त्यात नवीन काय सांगती?"

खळ आईने केली. पूड किती, ते ग्लोरियाने बघितलं. दाट किती, ते आईने. औटींना परत बोलावणं गेलं, कारण नव्या खळीने पडदा तपासणीपुरता पुन्हा नवा झाला होता. ते आले तर मरियाबाईंनी पडद्याच्या काठाला आतून एक जास्तीची पट्टीच दुमडून शिवली होती, त्याच ताग्यातली, तीच खळ दिलेली.

"ही साहेबांच्या वाट्याची," त्या म्हणाल्या. "दर वर्सी येनार, दर वर्सी कापनार. माजा काठ कशाला खराब?"

ग्लोरिया बर्नर पेटवून खाली वाकली, तेव्हा आईने तिचा दंड धरला.

"दे इकडं."

"आई, चटका बसेल."

"बसू दे."

मरियाबाईंनी बर्नर हातात घेतला. त्यांनी ज्योत पट्टीखाली नेली आणि धरून ठेवली. ओसरीवरची सगळी कमिटी या वेळी साध्या, चुरगळलेल्या कपड्यांत आली होती. "काढ आता," ग्लोरिया म्हणाली. मरियाबाईंनी अजून जराशी धरली, मगच काढली.

ज्योत विझली. धुराची एक रेघ वर गेली. पट्टी ताठ उभी होती, खाली बोटभर काळी.

"बास?" मरियाबाईंनी औटींना विचारलं.

"बास," औटी म्हणाले आणि उभे राहिले.

नाताळच्या संध्याकाळी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुक्ताबाई सगळ्या मळ्याला घेऊन आल्या होत्या. पडद्यामागे मेंढपाळ एकमेकांना ढकलत होते आणि त्यांच्या बॅटरीच्या मेणबत्त्या निळ्या कापडातून अंधुक दिसत होत्या. ग्लोरिया आणि आई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुढे बसायला बोलावलं होतं, आई गेली नाही.

प्रभुदास गुरुजी माइकपाशी आले. प्रार्थना झाली, पाहुण्यांची नावं झाली. रंगमंचाच्या विंगेत दोर धरून उभ्या असलेल्या दोघांकडे त्यांनी वळून पाहिलं आणि तोंड उघडून क्षणभर तसेच राहिले.

"मरियाबाईचा पडदा," ते म्हणाले. सगळा हॉल एकदम शांत झाला, कारण हे शब्द सगळ्यांना पाठ होते. गुरुजींनी चष्मा सारखा केला. "उघडा."

पडदा मधून दुभंगला आणि दोन्ही बाजूंना ताठ घड्या टाकत सरकत गेला, खळखळ आवाज करत, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांनी त्यांच्याहून जोरात वाजवल्या. ग्लोरियाही टाळ्या वाजवू लागली.

आईने तिला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस का?"

"ऐकलं की. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले."

"ते न्हाई गं," मरियाबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. "वाजला कसा, ते."